आकाशाला कुलूप नाही

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. परीक्षेत ते लिहिले आणि त्याचा गुणही पदरात पाडून घेतला. पण उद्या कोणी बसस्टँडवर अडवून विचारले, “बाबा रे, कशावरून?” तर आपल्यापैकी कितीजणांना उत्तर देता येईल? बहुतेकजण म्हणतील, “पुस्तकात आहे.” थोडे पुढचे म्हणतील, “अवकाशातून काढलेले फोटो आहेत.” आणि विचारणारा जर म्हणाला, “पुस्तकही खोटे आणि फोटोही खोटा,” तर मात्र आपली बोलती बंद! मग आपण त्याला वेड्यात काढतो, हसतो आणि चालू लागतो. हसण्याने प्रश्न सुटत नाही असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हा अडवणारा माणूस काल्पनिक नाही. तो आज आपल्या खिशातच आहे. पृथ्वी सपाट आहे असे ठासून सांगणाऱ्या चित्रफिती मोबाईलवर फिरत असतात. त्यांतला गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासाने म्हणतो, “तळ्याचे पाणी बघा. कुठे वाकलेले दिसते का? तुम्हाला शाळेत फसवले गेले आहे.” अशी एक चित्रफीत खोलीवर चालू होती तेव्हा माझ्याशिवाय तेथे सहाजण होते. दोघे हसले, एकजण म्हणाला, “काहीतरी तथ्य असल्याशिवाय का कोणी बोलेल?” आणि तिघे गप्प बसले. मला त्या गप्प बसलेल्या तिघांची काळजी वाटली. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. होते ते फक्त पाठांतर. आणि पाठांतराचे असे असते की, अधिक मोठ्या आवाजात कोणी उलटे सांगितले की ते डळमळू लागते.

माझी आजी कधी शाळेत गेली नाही. मी सातवीत असताना भूगोल मोठ्याने वाचत होतो, तेव्हा तिने विचारले होते, “गोल हाय म्हनतूस, मग खालच्या अंगाची मान्सं पडत कशी न्हाईत रं? आन् हिरीचं पानी सांडत कसं न्हाई?” मला उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न मी वर्गात विचारला. वर्ग खदाखदा हसला आणि गुरुजी म्हणाले, “पुस्तकात आहे तेवढं लिही, मार्क मिळतील.” त्या शाळेचे नाव मी घेत नाही, कारण हे एका शाळेचे दुखणे नाही. आजीचा प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. पुढे वाचनात आले की भारतातल्या मोठ्यामोठ्या ज्योतिषांनी नेमका हाच प्रश्न विचारात घेतला होता आणि त्याला उत्तर दिले होते. म्हणजे निरक्षर म्हातारीची शंका पंडितांच्या शंकेच्या तोडीची होती. फरक एवढाच की पंडिताच्या शंकेचा ग्रंथ झाला आणि आजीच्या शंकेची थट्टा झाली.

मित्रहो, त्या चित्रफितीतल्या माणसाचे सर्वांत धारदार हत्यार कोणते? ‘तुमच्यापासून लपवले गेले’ हे वाक्य. हे वाक्य आमच्यासारख्यांच्या काळजाला का भिडते, याचा विचार हसणाऱ्यांनी करावा. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या आधीच्या पिढ्यांपासून ज्ञान खरोखरच लपवले गेले होते. शूद्राने अक्षर शिकू नये, स्त्रीने पोथी उघडू नये, असे सांगणारी माणसे याच भूमीत होऊन गेली. म्हणून तर महात्मा फुल्यांना १८४८ साली मुलींची शाळा काढावी लागली आणि १८७३ साली जी संस्था काढली तिचे नाव त्यांनी ‘सत्यशोधक समाज’ असे ठेवले. सत्य शोधणारा समाज! कोणी सांगितलेले सत्य मान डोलवून घेणारा नव्हे. तेव्हा ‘आम्हाला फसवले तर गेले नाही ना?’ असा संशय आमच्या मनात येणे यात गैर काहीच नाही. तो आमचा हक्क आहे. प्रश्न पुढे आहे. संशय आला, मग करायचे काय? ज्याने संशय पेरला त्याच्याच तोंडाकडे बघत बसायचे, की उठून स्वतः पाहायचे?

हा वाद मराठीला नवा नाही, हे कळल्यावर मला मोठे नवल वाटले. भोपाळजवळ सीहोर नावाचे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्याच्या सहवासातल्या सुबाजी बापू नावाच्या पंडितांनी १८३६ साली मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात तीन मते शेजारी शेजारी मांडलेली आहेत. पुराणांतली मेरू पर्वताभोवती पसरलेली सपाट पृथ्वी, सिद्धान्तग्रंथांतली अधांतरी राहिलेली गोल पृथ्वी आणि सूर्याभोवती फिरणारी कोपर्निकसची पृथ्वी. त्यावर विरोधी पंडितांनी लेखणी उचलली. पुराणे आणि सिद्धान्त यांत विरोध नाहीच, असे दाखवणारा ‘अविरोधप्रकाश’ हा ग्रंथ पुढे आला. त्यालाही उत्तर दिले गेले. म्हणजे आज मोबाईलवर जे भांडण नवे म्हणून दाखवतात, ते मराठीत पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी अधिक अभ्यासाने भांडून झालेले आहे.

परंतु या गोष्टीला दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. विल्किन्सनने १८३९ साली अश्वघोषाच्या नावावर असलेला, जातिभेदाचे खंडन करणारा ‘वज्रसूची’ हा ग्रंथ छापला. तेव्हा त्याच्याच जोडीला जातीचे समर्थन करणारे उत्तर कोणी लिहून दिले? सुबाजी बापूंनीच! पृथ्वीच्या आकाराबाबत जो माणूस पुराण बाजूला ठेवून प्रमाण मागू शकला, तो माणसाच्या उच्चनीचतेबाबत प्रमाण मागायला तयार झाला नाही. यावरून मी एवढेच शिकलो की पृथ्वी गोल आहे हे माहीत असणे म्हणजे विवेक नव्हे. ‘कशावरून?’ हा प्रश्न सगळीकडे विचारता येणे म्हणजे विवेक. सोयीच्या ठिकाणी विचारायचा आणि गैरसोयीच्या ठिकाणी गिळायचा, असे चालत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याच महाराष्ट्रात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. या ग्रंथाच्या गोलाध्यायातला युक्तिवाद पाहण्यासारखा आहे. पृथ्वी सपाट का दिसते? कारण वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो. माणूस एवढा लहान आणि पृथ्वी एवढी मोठी. आज आपण यात आकडे घालू शकतो. सपाट माळावर उभ्या असलेल्या माणसाला साडेचार किलोमीटरच्या आसपास दिसते आणि पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे आपण परिघाचा नऊ हजारावा भाग पाहतो आणि सगळ्या पृथ्वीबद्दल निकाल देतो! मेरू आडवा आल्याने रात्र होते म्हणावे, तर तो मेरू आपल्याला दिसत का नाही, असेही ते विचारतात. आणि आजीच्या प्रश्नाचे उत्तर? पाण्याच्या काठी उभ्या माणसाचे प्रतिबिंब उलटे दिसते. पृथ्वीच्या पलीकडचे लोक आपल्याला तसे वाटतात, पण ते तेथे आपल्यासारखेच सुखाने राहतात. पृथ्वी वस्तूंना आपल्याकडे ओढते, म्हणून ‘खाली’ म्हणजे प्रत्येकाच्या पायाकडे. मी हे आजीला सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, “म्हंजी ज्याचं त्याचं खाली येगळं.” इतक्या थोड्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

मात्र भास्कराचार्य सांगतात म्हणून पृथ्वी गोल, असे म्हणणे हेही पाठांतरच झाले. पृथ्वी स्थिर आहे असे तेच मानत होते आणि ते बरोबर नव्हते. मोठ्या माणसाचे नाव हे प्रमाण नव्हे. त्याने दाखवलेली वाट आपल्या पायांनी चालून पाहणे महत्त्वाचे. आणि त्याने दाखवलेली एक वाट आपल्या अहमदपूरच्या अंगणातूनच जाते. ती वाट म्हणजे तारे. उत्तरेकडे जावे तसा ध्रुव वर चढतो आणि दक्षिणेकडे जावे तसा तो खाली उतरतो, हे त्यांनी सांगून ठेवले आहे. उज्जैन विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतके दूर आहे, हा हिशेबही त्यांनी मांडला.

हे पाहायला दुर्बीण लागत नाही. हात सरळ लांब करून मूठ धरा. तिची रुंदी आकाशात सुमारे १० अंश भरते. अहमदपूरचे अक्षांश पावणेएकोणीसच्या जवळपास आहेत. म्हणून आपल्या क्षितिजापासून ध्रुव दोन मुठींना थोडा कमी एवढ्या उंचीवर असतो. (ध्रुव हा सर्वांत ठळक तारा असतो, हीही ऐकीव गोष्टच. तो चांगला फिका आहे. शोधून पाहा!) आता फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करा. उंचावर व्याध चमकत असतो. त्याच्या बराच खाली दुसरा तेजस्वी तारा दिसतो, तो अगस्ती. त्याचीही सर्वाधिक उंची आपल्याकडे दोन मुठींना थोडी कमीच भरते. गंमत अशी की अहमदपुरात उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा अगस्ती जवळजवळ सारख्या उंचीवर येतात. जणू तराजूची दोन पारडी समान!

हा तराजू सगळीकडे समान राहतो का? आमच्या ओळखीचा एक जवान काश्मीरमध्ये चाकरीला आहे. एका रात्री त्याला फोनवर सांगितले, “उत्तरेला मूठ धरून बघ.” त्याने पाहिले आणि सांगितले, “साडेतीन मुठीला थोडं कमी.” श्रीनगरचे अक्षांश ३४ आहेत, तेव्हा हे बरोबर जुळले. आणि तेथे अगस्ती? तो क्षितिजाच्या वर जेमतेम तीन अंश येतो. डोंगर आडवा असला की दिसतच नाही. उलट कन्याकुमारीला ध्रुव आठ अंशांवर उतरतो आणि अगस्ती एकोणतीस अंशांवर चढतो. एक पारडे खाली गेले की दुसरे तेवढेच वर! लंडनच्या माणसाने जन्मभर आकाश न्याहाळले तरी त्याला तेथून अगस्ती दिसणार नाही. पृथ्वी जर परातीसारखी सपाट असेल, तर एका परातीवर बसलेल्या सर्वांना एकच आकाश दिसायला नको का?

यावर सपाटवाला म्हणेल, “तारे जवळ आहेत. लांब गेले की खाली दिसतात.” ठीक आहे. त्याचेही म्हणणे तपासू. गावातल्या हायमास्ट दिव्यापासून दूर चालत जा. पहिल्या शंभर पावलांत दिवा भराभर खाली येतो, मग हळूहळू, मग अगदी सावकाश; पण मैदान सपाट असेल तर तो जमिनीला कधी टेकत नाही. ध्रुव तसा वागत नाही. उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर गेले की एक अंश, पुन्हा १११ किलोमीटर गेले की पुन्हा एक अंश, असा सारख्या मापाने तो उतरतो. श्रीनगरपासून अहमदपूरच्या अक्षांशापर्यंत तोच दर आणि अहमदपूरपासून कन्याकुमारीपर्यंतही तोच दर. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकतो आणि त्यापुढे दिसेनासा होतो. असे फक्त गोल पृष्ठावरच घडू शकते.

आमच्या आजीने मला लहानपणी सप्तर्षी दाखवले ते ‘म्हातारीची बाज’ म्हणून. चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. ही बाज आपल्याकडे रात्र सरते तशी क्षितिजाखाली बुडते. लंडनला मात्र ती कधीच बुडत नाही, ध्रुवाभोवती फेऱ्या घालत राहते. दक्षिणेला मे महिन्यात रात्री नऊ-साडेनवाच्या सुमारास त्रिशंकूचे चार तारे आपल्या माळावरून दिसतात. दिल्लीत त्यांतला सर्वांत खालचा तारा क्षितिजावर येतच नाही. हाच त्रिशंकू ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना येथील माणसे दक्षिणेकडे तोंड करून पाहतात. चित्रफितीतल्या सपाट नकाशात उत्तर ध्रुव मधोमध असतो आणि हे तीन देश तीन कडांना, एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. पाठीला पाठ लावून उभ्या राहिलेल्या तिघांना समोर एकच तारका कशी दिसेल? याचे उत्तर मला त्या चित्रफितीत अजून सापडलेले नाही.

पृथ्वीच्या आकाराचा शोध आपल्या शेजारातूनही गेला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. १८०२ साली मद्रासहून विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने मोजणी सुरू केली. पुढे कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत रेखांशाच्या एका रेषेवर जमीन मोजली गेली. जमिनीवर अंतर मोजायचे आणि रात्री ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे, अशी ती रीत. ही रेषा आपल्या शेजारच्या बीदर भागातून गेली. लॅम्बटन १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. तेथेच त्याला पुरले. हा सारा खटाटोप कशासाठी? पृथ्वी गोल आहे हे त्याला ठाऊकच होते. त्याला विचारायचे होते, ‘किती गोल?’ एक अंशाची लांबी विषुववृत्ताकडे किंचित कमी आणि ध्रुवाकडे किंचित जास्त भरते. म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. आज आपल्याला माहीत आहे की विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त आहे. खरा प्रश्नकर्ता उत्तर मिळाल्यावर थांबत नाही, अधिक बारीक प्रश्न विचारतो. जाता जाता आणखी एक. या मोजणीचे सुमारे अर्धा टन वजनाचे यंत्र डोंगरमाथ्यांवर चढवले ते मजुरांनी. त्यांची नावे आपल्याला कोणी शिकवली नाहीत. पृथ्वीच्या आकाराच्या ज्ञानात आमच्यासारख्यांच्या बापजाद्यांचा घाम आहे, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

तारे दिसण्याबद्दल आणखीही अनेक गोष्टी आपण न तपासता बाळगतो. खोल विहिरीत उतरले की दिवसा तारे दिसतात, असे लोक छातीठोकपणे सांगतात. माझे वडील विहिरी खोदण्याच्या कामावर होते. सत्तर-सत्तर फूट खाली त्यांनी दिवस काढले. मी त्यांना विचारले, तर ते म्हणाले, “ताटलीएवढं आभाळ दिसतंय. पांढरं फक. चांदणी कुठली?” कारण उघड आहे. सूर्यप्रकाश हवेत विखुरतो म्हणून आकाश उजळते आणि त्या उजेडात तारा हरवतो. विहिरीतून आकाशाचा तुकडा लहान दिसतो, पण तो काळोखा होत नाही. जगभर सांगितली जाणारी ही गोष्ट माझ्या वडिलांनी सत्तर फुटांवरून खोडून काढली आहे. त्यांच्याजवळ पदवी नाही, पण पाहिलेले आहे.

तसेच दुसरे. “चंद्रावरच्या फोटोत तारे नाहीत, म्हणून तो फोटो खोटा,” असे म्हणतात. लग्नाच्या मांडवात फोकसच्या उजेडात नवरानवरीचा फोटो काढा आणि वरच्या आकाशात किती तारे आले ते मोजा. एकही नाही! उजळ वस्तूसाठी कॅमेरा क्षणभरच डोळा उघडतो. तेवढ्या वेळात फिक्या ताऱ्याचा प्रकाश पुरत नाही. म्हणून लग्न खोटे ठरते काय?

याचा अर्थ प्रमाण दाखवले की प्रत्येकजण मानेलच, असे मुळीच नाही. १८७० साली इंग्लंडमध्ये पृथ्वी सपाट मानणाऱ्या जॉन हॅम्पडन याने ५०० पौंडांची पैज लावली. डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचा विचार मांडणारा आल्फ्रेड वॉलेस पुढे आला. सुमारे दहा किलोमीटर सरळ जाणाऱ्या कालव्यावर त्याने सारख्या उंचीच्या खुणा उभारल्या आणि दुर्बिणीतून मधली खूण वर आलेली दाखवून दिली. पंचाने निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. हॅम्पडनने तो मानला नाही. उलट कित्येक वर्षे वॉलेसला शिवीगाळ करणारी पत्रे लिहून छळले. शंका घेणारा आणि हटवादी यांच्यातला फरक येथे दिसतो. शंका घेणारा आधीच सांगतो, ‘असे असे दिसले तर मी मानेन.’ हटवादी माणूस दिसल्यावर नवा बहाणा शोधतो. आपण यांपैकी कोणाच्या पंक्तीला बसायचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

आमच्या कला शाखेकडे पाहून लोक म्हणतात, “तुम्हाला काय करायचे तारे नि पृथ्वी? ते सायन्सवाल्यांचे.” मला हे मान्य नाही. १९७६ साली राज्यघटनेत ५१-अ हे कलम घातले गेले. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे, ‘फक्त बी. एस्सी. झालेल्या नागरिकाचे’ असे तेथे लिहिलेले नाही. इतिहासाच्या तासाला आपण बखर आणि अस्सल कागद यांतला फरक शिकतो. मराठीच्या तासाला कोणते पद मूळचे आणि कोणते मागाहून घुसडलेले, याची चर्चा ऐकतो. हीच नजर मोबाईलकडे वळवली की झाले!

म्हणून माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. वर्गात कोणी ‘वेडा’ प्रश्न विचारला तर त्याला खाली बसवू नये. त्याच्या मनातली शंका आपण दाबली तर ती मरत नाही. ती मोबाईलवाल्याच्या दारात जाते आणि तो तिचे मोठ्या प्रेमाने स्वागत करतो. शिवाय आपल्या महाविद्यालयाने वर्षातून दोन रात्री तरी, एक फेब्रुवारीत अगस्तीसाठी आणि एक मेच्या सुटीपूर्वी त्रिशंकूसाठी, मैदानावरचे दिवे मालवून आकाशदर्शन ठेवावे. खर्च काहीच नाही. एक कंपासपेटीतला कोनमापक, एक दोरा आणि दोऱ्याला बांधायला एक दगड. दिवे मात्र खरोखर मालवावेत. आपल्या लहान गावांतले आकाश अजून बरेच काळोखे आहे, पण फोकस आणि हायमास्ट यांनी तेही हळूहळू पुसत चालले आहे. जे दिसतच नाही त्याच्याबद्दल कोणी काहीही सांगावे आणि आपण ऐकावे, अशी वेळ येऊ नये.

आणि मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे आहे. मी म्हणतो म्हणूनही पृथ्वी गोल मानू नका. तुमचा कोणी भाऊ फौजेत असेल, कोणी चुलता सुरतेला, हैदराबादला, बेंगळूरला कामाला असेल, त्याला रात्री फोन करा आणि मूठ धरायला सांगा. तुमचा आकडा आणि त्याचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहा. पुस्तके आमच्या वाडवडिलांपासून कुलपात ठेवता आली. विहिरी, मंदिरे, शाळा यांनाही कुलपे लागली. आकाशाला मात्र आजवर कोणाला कुलूप घालता आले नाही. जो कोणी म्हणेल की ‘तुमच्यापासून लपवले आहे, खरे काय ते मी सांगतो,’ त्याला एवढेच म्हणा, “ठीक आहे. अंगणात ये. दोघे मिळून पाहू.” जो अंगणात येईल त्याच्याशी खुशाल वाद घाला. जो येणार नाही, त्याचे काय करायचे ते आजीलाही समजते.